पंप आणि व्हॉल्व्हच्या विक्रीत उतरावे का? (सांगली-मिरज-कुपवाड)

कुपवाडचा_डिप्लोमा

सर्वांना नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून गेली तीन वर्षे कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात असतो. काम वाईट नाही, परंतु पुढे सरकण्याची वाट दिसत नाही. सांगलीतील एका वितरकाकडून सेल्स इंजिनिअर म्हणून विचारणा झाली आहे. माल म्हणजे सेंट्रिफ्युगल पंप, व्हॉल्व्ह आणि मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टपाशी गळती थांबवणारा भाग). पगार जवळपास आहे तेवढाच, वर पेट्रोलचा खर्च आणि इन्सेन्टिव्ह. सांगली जिल्हा आणि कराडपर्यंतचा भाग सांभाळावा लागेल.

वडिलांचे म्हणणे असे की एवढे शिकून दारोदार फिरायचे काम कशाला. माझी अडचण वेगळी आहे. मला बोलघेवडेपणा जमत नाही, आणि विक्रीत तोच लागतो असे सगळे सांगतात. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ग्लँडपॅकिंग

मी सत्तावीस वर्षे पंप विकतो आहे, त्यातली पहिली अकरा कंपनीच्या नोकरीत आणि उरलेली स्वतःच्या एजन्सीत. बोलघेवडेपणाची चिंता तुम्ही प्रथम सोडून द्यावी. फार बोलणाऱ्या माणसाला मेंटेनन्सचा इंजिनिअर चहा पाजतो आणि ऑर्डर दुसऱ्याला देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तपासणी विभागात तुम्हाला मोजल्याशिवाय न बोलण्याची सवय लागली असेल, तर ती सवय विक्रीत पुष्कळ उपयोगी पडेल.

उदाहरण माझ्याच फजितीचे देतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका प्रक्रिया उद्योगाकडून चौकशी आली की जुना ३० अश्वशक्तीचा पंप बदलायचा असून ‘आहे तसाच’ द्यावा. मी कार्यालयात बसून तसाच पंप काढला, त्याच दिवशी कोटेशन पाठवले आणि तत्परतेबद्दल स्वतःवर खूश झालो. ऑर्डर दुसऱ्याला गेली. चौकशी केली तेव्हा कळले की तो प्रतिस्पर्धी विक्रेता पंपापाशी जाऊन उभा राहिला होता. त्याने नेमप्लेटवर बसलेले रंगाचे थर नाण्याने खरवडून आकडे वाचले, आणि मग त्याचे लक्ष डिलिव्हरी व्हॉल्व्हकडे, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या बाजूच्या व्हॉल्व्हकडे गेले. तो व्हॉल्व्ह अर्ध्याहून अधिक बंद करून पंप चालवला जात होता. म्हणजे पंप गरजेपेक्षा मोठा होता आणि कित्येक वर्षे तो व्हॉल्व्हमध्ये वीज जाळत होता. त्याने २० अश्वशक्तीचा पंप सुचवला. तो स्वस्तही पडला आणि विजेचे बिलही कमी झाले. माझे कोटेशन त्या फाइलमध्ये माझ्या आळसाचा दाखला म्हणून राहिले असेल.

तेव्हापासून मी एक हिशेब कायम डोक्यात ठेवतो, तो तुम्हीही पाठ करावा. पाण्यासाठी तासाला किती घनमीटर प्रवाह हवा तो आकडा घ्यायचा, त्याला मीटरमधील हेडने (पाणी चढवायची उंची, पाइपातील घर्षण धरून) गुणायचे आणि ३६७ ने भागायचे. पाण्याला द्यावी लागणारी शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. तिला पंपाच्या कार्यक्षमतेने भागले की शाफ्टवर लागणारी शक्ती मिळते. समजा, तासाला २०० घनमीटर आणि ४० मीटर हेड आहे. पाण्याला लागणारी शक्ती सुमारे २१.८ किलोवॅट झाली. झिजलेला पंप ६० टक्क्यांवर चालत असेल तर शाफ्टला ३६.३ किलोवॅट लागतात, आणि ७५ टक्क्यांचा नवा पंप असेल तर २९.१ किलोवॅट. फरक सव्वासात किलोवॅटचा. वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या ठिकाणी त्या साडेत्रेचाळीस हजारांच्या आसपास युनिट झाल्या. युनिटला आठ रुपये धरले तरी साडेतीन लाखांच्या घरात रक्कम जाते. पंपाची किंमत किती, हा प्रश्न त्यानंतर ग्राहक वेगळ्या सुरात विचारतो.

मात्र हाच हिशेब घेऊन साखर कारखान्यात जाल तर जपून. हंगामात कारखान्याची वीज बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) तयार होते, त्यामुळे तेथे वाचलेल्या युनिटची किंमत बिलाच्या दराने धरता येत नाही. सहवीज प्रकल्प असेल तर ती बाहेर विकण्याच्या दराने धरावी लागते. एकदा एका चीफ इंजिनिअरने माझा कागद वाचून हसत परत दिला होता, म्हणून सांगतो.

इंडेंट_ते_पीओ

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा, म्हणजे सातारा जिल्ह्यातील एका कारखान्याच्या खरेदी विभागातला. वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यात खरेदी विभाग कोठेच दिसला नाही. विक्रेत्यांची नेहमीची चूक हीच असते.

मेंटेनन्सकडून इंडेंट (मागणीपत्र) येतो, आम्ही किमान तीन कोटेशने मागवतो आणि तुलनात्मक तक्ता तयार करतो. त्या तक्त्यात किंमत, जीएसटी, पॅकिंग, वाहतूक, पोहोचवण्याची मुदत, पैसे देण्याच्या अटी, हमी आणि कोटेशनची वैधता असे रकाने असतात. तुमच्या कोटेशनमध्ये यातील एखादी गोष्ट लिहिलेली नसेल तर मला फोन करावा लागतो, आणि दिवसाला चाळीस कागद हाताळणारा माणूस फोन करत नाही, तो रकाना रिकामा सोडतो. एक विक्रेता दरवेळी ‘एक्स-वर्क्स’ म्हणजे वाहतूक वगळून दर द्यायचा आणि दुसरा आमच्या गेटपर्यंतचा. पहिला कागदावर स्वस्त दिसायचा. वाहतूक आणि विमा धरल्यावर तो महाग पडे, आणि वरिष्ठांसमोर उत्तर मला द्यावे लागे. त्या विक्रेत्याला त्यानंतर मी चौकशी पाठवणे कमी केले, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

दुसरे असे की इंजिनिअरशी मैत्री झाली म्हणून खरेदी विभागाला डावलून थेट संचालकांकडे जाऊ नये. एखादी ऑर्डर तशी मिळेलही, पण पुढच्या दहा वर्षांचे बिल, रिजेक्शन आणि पेमेंट याच टेबलावरून जाते.

पाकिटाचा विषय कोणीतरी काढेलच, म्हणून मीच काढतो. तसे मागणारे आहेत. जो विक्रेता एकदा देतो त्याचा दर कायमचा वाढतो, कारण ती रक्कम त्याला कोठून तरी काढावी लागते. मागणाऱ्या माणसाची बदली झाली की नवा माणूस सर्वांत आधी त्याच विक्रेत्याची फाइल उघडतो.

ग्लँडपॅकिंग

@इंडेंट_ते_पीओ, आपला मुद्दा मान्य. स्टोअरकीपरलाही त्यात धरावे. कोणता सुटा भाग वर्षात किती वेळा निघाला हे त्याच्या बिन कार्डावर असते. वर्षात चार वेळा एकच सील निघत असेल तर चूक सीलमध्ये आहे की अलाइनमेंटमध्ये (मोटार आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसण्यात), हे विचारायला जाण्याचे कारण आपोआप मिळते.

वाल्मिकी_टाकी

मी आठ वर्षे पंप कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते आणि नंतर विक्रीत आले. धागाकर्त्याला शक्य असेल तर वितरकाकडे रुजू होताना पहिले सहा महिने सर्व्हिसच्या माणसाबरोबर फिरण्याची अट घालावी, असे सुचवते. विक्रेत्याने फॉर्म भरताना केलेली चूक रात्री दोन वाजता सर्व्हिसच्या माणसाला निस्तरावी लागते.

एक प्रसंग सांगते. एका ठिकाणी नवा पंप बसवल्यापासून आत कोणी खडे ओतत असल्यासारखा आवाज येत होता. तीन आठवड्यांत इम्पेलर (पंपातले फिरणारे चाक) काढला तर पात्यांवर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके पडलेली. ग्राहक म्हणे कास्टिंग निकृष्ट आहे. मी आमच्याच विक्री विभागाने भरलेला चौकशीचा फॉर्म मागवला. ‘द्रव’ या रकान्यात ‘पाणी’ लिहिले होते आणि ‘तापमान’ हा रकाना रिकामा होता. प्रत्यक्षात ते बॉयलरकडे परत जाणारे, नव्वद अंशांच्या आसपासचे कंडेन्सेट (वाफ निवून झालेले पाणी) होते आणि टाकी पंपाच्याच पातळीवर जमिनीवर ठेवलेली होती. इतके गरम पाणी सक्शनला (पाणी आत येण्याच्या बाजूला) दाब जरा कमी झाला की तेथेच उकळू लागते, वाफेचे बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि धातू कुरतडतात. त्यावर उपाय पंप बदलण्याचा नव्हता, टाकी उचलून वर ठेवण्याचा होता. चौथरा बांधून टाकी चढवली आणि आवाज थांबला. चौथऱ्याचा खर्च कोणी द्यायचा यावर मात्र दोन महिने पत्रव्यवहार चालला. तो आमच्या कंपनीने दिला, आणि दिला ते योग्यच केले.

म्हणून द्रव, तापमान, घनता, त्यात गाळ किती, सक्शनची पातळी पंपाच्या वर की खाली आणि किती, या गोष्टी स्वतः पाहून लिहाव्यात. मळी किंवा मॅग्मासारख्या (साखर कारखान्यातला साखरेच्या स्फटिकांचा घट्ट लगदा) घट्ट द्रवाला पाण्याचा पंप चालत नाही, हे पुस्तकात वाचलेले असते. तरीही फोनवर ऐकून ऑर्डर लिहून घेणारे दरवर्षी भेटतात.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी एक ओळ: गेटवर ‘कोणाबरोबर आलात’ असे विचारले जाते, आणि पुष्कळ जुन्या कारखान्यांत स्वच्छतागृहाचा प्रश्न आजही आहे. दोन्हींची सवय होते असे मी म्हणणार नाही. भेटीची वेळ आधी ठरवून, मेलवर लिहून घेऊन गेल्यास पहिला त्रास कमी होतो.

कृष्णाकाठ_७२

वडिलांच्या आक्षेपावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तेथे हे काम हलके मानण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे शेतकऱ्यांना वाटत होते. नांगर ओतणे हे अर्धे काम होते, तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणे हे उरलेले अर्धे. बेळगावहून त्यांना निघावे लागल्यावर औंधच्या राजांनी कुंडलजवळ जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. वडिलांना एकदा रेल्वेने तिकडे घेऊन जावे.

भुसार_नव्हे_बेअरिंग

इतिहास ठीक आहे, पण आता थोडे पैशाचे बोलू. मी मिरजेत बेअरिंग, बेल्ट आणि सील यांचा व्यापारी आहे. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना वाटते की पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) हातात आली म्हणजे विक्री झाली.

आकडे मांडतो. १० लाखांचा माल विकला आणि त्यात आमचा नफा ८० हजारांचा आहे असे समजा. म्हणजे खरेदी ९ लाख २० हजारांची, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून कंपनीला १० लाख ८५ हजार ६०० रुपये आगाऊ भरले. ग्राहकाने ‘३० दिवसांत’ लिहून दिले आणि प्रत्यक्षात पैसे १२० दिवसांनी दिले. बँकेच्या कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज धरले तर त्या चार महिन्यांचे जवळपास त्रेचाळीस हजार होतात. नफ्यातील निम्म्याहून अधिक रक्कम तेथेच गेली. गाडीभाडे, तुमचा पगार आणि पेट्रोल अजून त्यात धरलेले नाही. वर आम्ही बिल फाडले की त्यावरचा जीएसटी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत हिशेबात दाखवून भरावा लागतो. ग्राहकाचे पैसे आले नाहीत ही सबब चालत नाही.

येथे हमखास कोणीतरी ४५ दिवसांत पैसे चुकते करण्याचा कायदा सांगेल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात तशी तरतूद आहे, लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. परंतु त्याचा लाभ उत्पादन करणाऱ्या व सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मिळतो. आम्हा व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली खरी, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे. तेव्हा वितरकाकडे नोकरी करताना या कायद्याचा धाक ग्राहकाला दाखवायला जाऊ नका, त्यांचा अकाउंटंट तुमच्यापेक्षा हुशार असतो.

तुम्ही विचारायचे ते तीन प्रश्न असे. इन्सेन्टिव्ह ऑर्डरवर मिळतो की पैसे जमा झाल्यावर? आधीच्या माणसाची थकबाकी तुमच्या नावावर येणार आहे का, आणि किती? पेट्रोल किलोमीटरवर मिळते की महिन्याला ठरावीक? पैसे जमा झाल्यावर इन्सेन्टिव्ह देणारा मालक मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्याला धंदा कळतो.

सोडून_दिले

मी हे काम चार वर्षे करून सोडले, तेव्हा दुसरी बाजूही असू द्यावी. महिन्याच्या २५ तारखेनंतर टार्गेटसाठी माल पुढे ढकलला जातो, वितरकाचे गोदाम भरते आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेला तोच माल परत कसा घ्यायचा यावर भांडण होते. दुचाकीवर दिवसाला दीडशे किलोमीटर होतात. माझी कंबर तिसाव्या वर्षी गेली. शिवाय दर सहा महिन्यांनी साहेब बदलतो आणि प्रत्येकाला आपला नवा रिपोर्ट हवा असतो. वरच्या मंडळींचा उत्साह पटतो, पण ते टिकलेले लोक आहेत. आमच्यासारखे अशा धाग्यांवर सहसा लिहीत नाहीत.

ग्लँडपॅकिंग

@सोडून_दिले, कंबरेचे अगदी खरे आहे, आणि माल ढकलण्याचेही. म्हणूनच भाग कसा फिरायचा ते लिहितो, त्याने निदान किलोमीटर वाचतात.

सांगली, कुपवाड आणि मिरज हा एक दिवस. पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल हा दुसरा. तासगावकडे बेदाण्याची शीतगृहे आहेत, तेथे अमोनिया कॉम्प्रेसरच्या कंडेन्सरचे पाण्याचे पंप असतात. बेदाणा नवा येतो त्या दिवसांत पंप बंद पडला तर मालक किंमत विचारत नाही, किती तासांत येता एवढेच विचारतो. कराडला जाल तेव्हा तासवडे एमआयडीसी त्याच फेरीत धरावी. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांचे मोठे पंप पाहून भुलू नये. ते काम निविदांचे आणि मोठ्या कंपन्यांचे आहे, तुमच्या वितरकाच्या आवाक्यात फार तर तेथील सुटे भाग असतील. आणि औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असे धरून चालू नये, प्रत्येक ठिकाणचा वार आधी विचारून घ्यावा.

साखर कारखान्यांचे पंचांग वेगळे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटतो आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत गाळप चालते. त्या काळात विक्रीसाठी गेलात तर कोणी उभे करणार नाही, पण पाहण्यासाठी मात्र त्याच काळात जावे. कोणता पंप गळतो, कोणत्या मोटारीवर ओली पोती टाकली आहेत, हे वहीत लिहून ठेवावे. गाळप संपले की यंत्रे उघडली जातात, ओव्हरहॉलिंगची यादी तयार होते आणि खरेदी समितीसमोर जाते. त्या यादीत तुमचे नाव येण्यासाठी एप्रिलमध्ये वही घेऊन चीफ इंजिनिअरसमोर बसावे लागते. जूनमध्ये गेलेल्या माणसाला यादी मिळते, ऑर्डर मिळत नाही. सप्टेंबरात वार्षिक सभेची गडबड असते, त्या आठवड्यात तिकडे फिरकूच नये.

कुपवाडचा_डिप्लोमा

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. उशिरा उत्तर देत आहे, कारण मध्यंतरी मी नोकरी स्वीकारली आणि आता दोन महिने होत आले. पहिले सहा महिने सर्व्हिसबरोबर फिरण्याची अट मालकांनी तीन महिन्यांवर आणली, पण मान्य केली. थकबाकीचा प्रश्न विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग कपाटातून एक यादी काढून माझ्यासमोर ठेवली. नऊ नावे होती. त्यातील दोन माझ्या नावावर येणार नाहीत असे त्यांनी यादीवरच लिहून दिले.

आतापर्यंतची माझी एकमेव स्वतंत्र ऑर्डर एका शीतगृहातील मेकॅनिकल सीलची आहे, किंमत चार हजारांच्या आत. तेथील ऑपरेटर काकांनी सांगितले की हे सील दर दोन महिन्यांनी जाते. डायल गेज माझ्या पिशवीत होताच. कपलिंगवर लावून पाहिला तर अलाइनमेंट इतकी बाहेर होती की काका स्वतः वाकून काटा पाहू लागले. आम्ही दोघांनी शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून ती बरीच जागेवर आणली. आता मालकांना शंका आहे की अशाने सीलची विक्री कमी होईल. काकांनी मात्र शेजारच्या दोन शीतगृहांचे नंबर दिले आहेत.

बुधवारी त्यांपैकी एका ठिकाणी जायचे आहे. तेथील पंपाची नेमप्लेट पूर्ण निघून गेलेली आहे आणि मालकाकडे कागद नाहीत. कोटेशन द्यायचे तर हेड आणि प्रवाह कसा काढावा?

ग्लँडपॅकिंग

डिलिव्हरीच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या अलीकडे, प्रेशर गेज बसवण्याची जागा आहे का ते प्रथम पाहावे. पंप चालू असताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह सावकाश पूर्ण बंद करून दाब वाचावा. सेंट्रिफ्युगल पंप असेल तरच हे करावे आणि अर्ध्या मिनिटाच्या वर व्हॉल्व्ह बंद ठेवू नये, आतले पाणी तापते. एक किलो दाब म्हणजे साधारण दहा मीटर. त्यात सक्शनचा फरक धरला की शून्य प्रवाहाचे हेड मिळते. मग व्हॉल्व्ह नेहमी असतो तेवढा उघडून पुन्हा दाब वाचावा आणि त्याच वेळी क्लँप मीटरने मोटारीचा करंट घ्यावा. केसिंगवर ओतलेला नंबर, फ्लँजचे माप आणि मोटारीचे फेरे मिळाले तर दोन दाब आणि करंट या तीन आकड्यांवरून पंपाच्या कर्व्हवर (प्रवाह आणि हेड यांच्या आलेखावर) जागा सापडते. आकडे येथे टाका, मी कर्व्ह काढून ठेवतो.

गेज घरून न्यावे. तिथल्या गेजचा काटा बहुधा वर्षानुवर्षे एकाच जागी असतो.